रक्ततपासणीच्या पानावरची बाई

मामाजींनी भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो उतरवला, शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि दोन बनियनांच्या घडीत ठेवून तो बॅगेत घातला, तेव्हा मला कळलं की हे तुमसरहून परत येणार नाहीत.

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. माझ्याकडे न पाहताच त्यांनी सांगितलं की तुमसरच्या आत्याबाईंचे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे, गुडघे फार धरलेत, त्यांच्याजवळ कोणी नाही, थोडे दिवस जाऊन राहतो, दुपारची गाडी आहे. मे महिना होता. भंडाऱ्याच्या उन्हानं अंगणातली फरशी चटके देत होती, आणि बॅगेत तळाशी मला त्यांचा लोकरीचा स्वेटर दिसत होता.

"मामाजी, स्वेटर कशाला?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "जागा होती."

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी, तुळशीराम हटवार, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर खांबांवर चढून तारा जोडल्या, आणि त्या तारांवर येऊन बसणारे चतुर बघता बघता त्यांना चतुरांचंच वेड लागलं. चतुर म्हणजे ते काचेसारख्या पंखांचे, हेलिकॉप्टरसारखे उडणारे किडे. निवृत्तीनंतर शैलेशनं, माझ्या नवऱ्यानं, त्यांना कॅमेरा घेऊन दिला आणि बैठकीतल्या कॉम्प्युटरवर एक वेबसाइट दाखवून दिली. तिथं लोक किड्यांचे फोटो टाकायचे आणि जाणकार त्यांची नावं सांगायचे. मामाजी रोज पहाटे तळ्यावर जायचे आणि न्याहारी झाली की कॉम्प्युटरपुढे बसायचे. नुकतंच केरळातल्या मेनन नावाच्या संशोधक बाईंनी त्यांना लिहिलं होतं की तुम्ही टाकलेला हा चतुर तुमच्या भागात आजवर कोणी नोंदवलेला मला तरी माहीत नाही, पंखांचे बाजूनं काढलेले फोटो मिळतील का? त्या दिवशी मामाजींनी घरात सगळ्यांना पेढे वाटले होते.

आणि आदल्या संध्याकाळी ते घडलं.

आमची सई पाचवीत होती. नद्यांवरच्या सुट्टीतल्या प्रकल्पासाठी ती कॉम्प्युटरवर बसली होती. तिनं वैनगंगेच्या चित्रावर क्लिक केलं आणि भलतीच खिडकी उघडली. त्यात एक बाई. अंगावर नावापुरतं काहीतरी. खाली इंग्रजीत लिहिलेलं की तुमच्या शहरातल्या एकट्या स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत. सईनं हाक मारली म्हणून शैलेश धावत आला. त्यानं ती खिडकी बंद केली तर दुसरी उघडली. जे पान उघडावं त्याच्या कडेला त्याच बायका. त्यानं सईला आत पाठवलं आणि वळून पाहिलं. मामाजी मागेच उभे होते.

शैलेश आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, घरात वाढती पोर आहे."

मला वाटलं, आता मामाजी भडकणार. टेलिफोन खात्यात साहेबांशी तोंडावर भांडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. पण त्यांनी शैलेशच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी शोधत असल्यासारखं. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. आणि आत गेले.

त्या एका शब्दानं शैलेशची खात्री पटली. माणूस जे बघतो त्याच्याच जाहिराती त्याला दिसतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. दिवसभर कॉम्प्युटरवर कोण असतं? बाबा. तसं नसतं तर ते एकदा तरी नाही म्हणाले असते, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचाच चेहरा इतका उतरला होता की मी वाद घातला नाही. घालायला माझ्याकडे काही नव्हतंही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या रविवारी, सकाळी तो बाजारात जाताना सांगून गेला की ऑफिसमधला एक मित्र दुपारनंतर येऊन कॉम्प्युटर घेऊन जाईल.

मामाजींनी चहा संपवला आणि मला म्हणाले, "कल्याणी, एक काम कर. त्या मेननबाईंना कळव की फोटो आता पाठवता येणार नाहीत. माझं इंग्रजी तुला माहीत आहे." आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

म्हणून मी कॉम्प्युटर लावला. त्यांनी ते सांगितलं नसतं तर लावला नसता.

मेननबाईंचं पत्र उघडलं. त्यातल्या काही शब्दांखाली हिरव्या दुहेरी रेघा होत्या. पंखांसाठी जो इंग्रजी शब्द असतो, 'विंग्ज', त्यावर बाण नेला तर चौकट उघडून विमानाची स्वस्त तिकिटं दाखवायला लागली. कडेला त्या बायका होत्याच. उत्तर लिहायच्या जागी क्लिक केलं तर नवी खिडकी उघडली. ती बंद केली, पुन्हा क्लिक केलं, तर सायरनसारखा आवाज सुरू झाला आणि पडदाभर लाल पाटी आली: तुमच्या संगणकात धोकादायक व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मी घाबरून आवाज बंद केला. इथं एक ओळ लिहायची तर चार वेळा खिडक्या बंद कराव्या लागत होत्या. मामाजी रोज तासन् तास इथं बसून काम कसे करत होते?

तेवढ्यात शेजारच्या गभणेकाकूंचा फोन आला. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे, लॅब किती वाजता उघडते? मी एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वेळा नुकत्याच बदलल्या होत्या, म्हणून काकूंशी बोलता बोलताच मी आमच्या दवाखान्याची वेबसाइट उघडली.

ती वेबसाइट म्हणजे काय होती, तर निळ्या चौकटीतलं एक पान. दवाखान्याच्या इमारतीचा वाकडा आलेला फोटो, डॉक्टरांची नावं, तपासण्यांच्या वेळा. आमच्या हिशेबाच्या खोलीतल्या किशोरनं ते माझ्या डोळ्यांदेखत बनवलं होतं. आमचे मोठे डॉक्टर तर औषधकंपनीचं कॅलेंडरसुद्धा भिंतीवर लावू देत नसत. आणि आता 'उपाशीपोटी रक्ततपासणी' या ओळीच्या शेजारी तीच बाई ओठांवर बोट ठेवून हसत होती.

मी काकूंना वेळ सांगितली की नाही, मला आठवत नाही. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

आमच्या लॅबमध्ये एखाद्या पेशंटची साखर वाढलेली निघाली तर आम्ही पेशंटकडे बघतो. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाचीच वाढलेली निघाली तर मशीनकडे बघतो. रोजचंच आहे ते माझं. मी मोबाईलवर तेच पान उघडलं. निळी चौकट, वाकडी इमारत, वेळा. बाई नव्हती. पुन्हा कॉम्प्युटरवर पाहिलं. होती. ती बाई पानावर नव्हतीच. ती या यंत्रात बसलेली होती आणि जे पान येईल त्यावर चढत होती.

मी नागपूरला शबानाला फोन लावला. शबाना माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिथं पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. ती स्वयंपाक करत होती. फोन स्पीकरवर टाकून तिनं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा म्हणाली, त्या लाल पाटीवरच्या नंबरला हात लावू नकोस, ती माणसं त्यासाठीच टपून बसलेली असतात. मग म्हणाली की हे अ‍ॅडवेअर आहे. फुकट मिळणाऱ्या कशाच्या तरी पोटात लपून येतं आणि ब्राउझरमध्ये मुक्काम ठोकतं. तू काय बघतेस याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, भजन उघडलंस तरी तीच बाई येणार.

"म्हणजे कोणी घाणेरड्या साइट बघितल्या म्हणून आलं, असं नाही?" मी विचारलं.

"तसंही येऊ शकतं," शबाना म्हणाली. "कुठून आलं ते शोधावं लागेल."

मला तेच शोधायचं होतं. तिच्या सांगण्यावरून मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले. तिथं एक्सटेन्शनचं पान असतं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी. तीन होत्या. दोन ओळखीच्या निघाल्या. तिसरीचं नाव 'व्हिडिओ बूस्ट', निळा बाण, आणि खाली तिला दिलेली परवानगी: तुम्ही उघडता त्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचणे आणि बदलणे. ते वाक्य मी शबानाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, चोर सापडला, काढून टाक.

काढलं. ब्राउझर बंद करून पुन्हा लावला. दवाखान्याचं पान उघडलं.

बाई हसत होती. निळा बाणही आपल्या जागी परत येऊन बसला होता.

मामाजी आंघोळ करून, भांग पाडून, पांढरा शर्ट घालून बाहेर आले. ऑटो बोलावलाय म्हणाले. मी सांगितलं की थोडं थांबा, मला काहीतरी सापडतंय. त्यांना वाटलं, मी पत्राशी झटापट करते आहे. म्हणाले, जमत नसेल तर राहू दे, त्या बाई समजून घेतील. सई शेजारी खेळायला गेली होती. "सईला सांग," असं म्हणून ते थांबले, आणि काय सांगायचं ते न सांगताच चपला घालून बाहेर पडले. ऑटोचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी उंबरठ्यावर उभी होते.

धावत जाऊन त्यांना अडवता आलं असतं. पण सांगणार काय होते? माझ्या हातात अर्धीच गोष्ट होती, आणि अर्ध्या गोष्टीवर शैलेशचा विश्वास बसला नसता. मी परत येऊन माऊस धरला.

शबाना म्हणाली की आपण नुसती फांदी तोडली, खोड ब्राउझरच्या बाहेर आहे. कंट्रोल पॅनलमध्ये जा, कॉम्प्युटरवर बसवलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी काढ आणि तारखेप्रमाणे लाव. मी लावली. 'व्हिडिओ बूस्ट' तिथंही होतं. त्याच्या वर आणि खाली आणखी दोन अनोळखी नावं, एक खरेदीत सवलती शोधून देणारं, एक संगणकाचा वेग वाढवणारं. तिघांची तारीख एकच. शबानानं सांगितलं की एकाच गाडीतून उतरलेली दिसतात.

मी ती तारीख पाहिली आणि मला घरातलं कॅलेंडर बघायची गरज पडली नाही. त्या दिवशी क्रिकेटची फायनल होती. वादळानं केबल गेली होती. शैलेश पिंजऱ्यातल्यासारखा फेऱ्या मारत होता, आणि मग कॉम्प्युटरपुढे बसून फुकटात मॅच दाखवणारं काहीतरी शोधत सुटला होता. अमुक प्लेअर बसवा, पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे. मी त्याच्या मागे उभी राहून टोस्ट खात होते. अखेर मॅच लागली तेव्हा त्यानं खिडकीतून ओरडून गभणेकाकांनाही बोलावलं होतं. आणि मामाजी त्या आठवड्यात घरात नव्हतेच. आत्याबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते तुमसरला होते.

शैलेश पिशव्या घेऊन आत आला. कॉम्प्युटर चालू बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. त्यानं वाचलं. नावं वाचली. पुन्हा तारीख वाचली.

"फायनल," तो म्हणाला. पिशवी त्याच्या हातातून निसटली. आतले टोमॅटो घरंगळत सोफ्याखाली गेले.

मी त्याला दवाखान्याचं पान दाखवलं, मोबाईल शेजारी धरून दाखवलं. त्याला जास्त समजवावं लागलं नाही. तो माझ्या खुर्चीत बसला आणि माऊस ओढून घेतला. हे मीच काढणार, असं म्हणाला.

त्या प्रोग्रामनं सुखासुखी जागा सोडली नाही. काढायला गेलं की एक सुंदर चौकट यायची, मधोमध मोठं हिरवं बटण, 'संरक्षण चालू ठेवा', आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या करड्या अक्षरात 'तरीही काढा'. शैलेशचं बोट सवयीनं हिरव्याकडे गेलं आणि फोनमधून शबाना ओरडली तसं मागे आलं. एकामागून एक तिन्ही गेले. मग निळ्या बाणाचं एक्सटेन्शन. मग ब्राउझर मुळातल्या स्थितीवर आणला. शोधायच्या चौकटीत कोणतं तरी अनोळखी नाव बसलं होतं, ते गेलं. शबानानं ब्राउझरच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून बघायला सांगितलं. तिथं शेवटी एका परक्या साइटचा पत्ता शेपटीसारखा चिकटवलेला होता, तोही पुसला. ती म्हणत होती की नंतर चांगल्या अँटिव्हायरसनं सगळं तपासून घ्या, पासवर्ड बदला. आम्ही हो हो म्हणत होतो आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायची वाट बघत होतो.

दवाखान्याचं पान उघडलं.

निळी चौकट. वाकडी इमारत. उपाशीपोटी रक्ततपासणीच्या वेळा. शेजारी कोरी पांढरी जागा.

पुन्हा उघडलं, काही नाही. नद्यांचं पान उघडलं, काही नाही. मामाजींची किड्यांची साइट उघडली. हिरव्या रेघा गेल्या होत्या. एका काडीवर बसलेला लालसर चतुर पडद्यावर एकटाच होता. मी शैलेशच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला नाही. गाडीची किल्ली कुठंय, म्हणाला.

स्कूटी मी चालवली. स्टँडवर तुमसरची एसटी फलाटाला लागलेली होती आणि इंजिन सुरू होतं. मामाजी मधल्या एका बाकावर कडेला बसले होते. आम्हाला बघून अर्धवट उठले. त्यांना वाटलं, सईला काही झालं.

शैलेश त्यांच्यापुढे जाऊन नुसताच उभा राहिला. मग मीच सांगितलं, भराभरा, मागच्या बाकावरच्या बाया ऐकत होत्या तरी. मॅच, प्लेअर, त्याच्या पोटातून आलेलं ते, दवाखान्याच्या पानावरची बाई. मामाजी मान खाली घालून, एक कान माझ्याकडे करून ऐकत होते. तारेत कुठं बिघाड झालाय ते कोणी सांगत असलं की ते असंच ऐकत असणार.

"म्हणजे आपल्या लाइनवर कोणीतरी बाहेरून जोड घेतली होती," ते म्हणाले.

"हो. तसंच."

"घरातलं कोणी ते बघत नव्हतं?"

"कोणीच नाही मामाजी."

ते शैलेशकडे वळले. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तूपण नाही?" त्यांनी विचारलं.

शैलेशला लगेच कळलं नाही. मला कळलं. कित्येक आठवडे ते त्या खिडक्या बंद करत होते. आपण त्या बोलावलेल्या नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग घरात दुसरा पुरुष उरत होता कोण? आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर त्यांनी 'मी नाही' एवढं म्हटलं असतं, तर ते बोट कोणाकडे वळलं असतं?

आता शैलेशलाही उमगलं होतं. "बाबा," तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही. आणि तुम्हाला वाटलं..."

"माझ्यावर निभावत होतं ना," मामाजी म्हणाले. "मग बोलून काय करायचं होतं?"

आज या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांनी किती सहज म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. तिकीट आहे का विचारल्यावर आहे म्हणावं, इतकं सहज.

कंडक्टर चढला. ज्यांना जायचं नाही त्यांनी उतरा, म्हणाला. मी मामाजींना घरी चला म्हटलं. ते म्हणाले की ताईनं स्वयंपाक करून ठेवला असेल, ती वाट बघत बसेल, आज जाऊन येतो. जाऊन येतो, हे शब्द त्यांनी सकाळपासून पहिल्यांदा वापरले होते.

मी उतरायला वळले. शैलेश हलला नाही. त्यानं खिशातून नोट काढून कंडक्टरपुढे धरली.

"एक तुमसर," तो म्हणाला.

कंडक्टरनं त्याच्या पायांकडे पाहिलं. घाईत तो घरातल्या रबरी चपलाच घालून आला होता. "सामान?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही. उद्या परत यायचंय. दोघांनाही."

मामाजी खिडकीकडे सरकले, आणि त्याला बसायला जागा करून दिली.